एसीच्या पाण्यावरचा हंसराज

हंसराजाचं पान पाण्यात बुडवून काढलं, तरी कोरडंच.

एसी बावीसवर. बंद करायचा नाही. बंद केला की दिवाणखान्याची लाकडी जमीन फुगते.

मिठागरात झाड नसतं.

मेलेल्या कुंड्या: तीन.

चौथी कुंडी इराबाईंनी मुंबईहून मांडीवर धरून आणली. रो-रो बोटीत त्या गाडीतून उतरल्यासुद्धा नाहीत. केसासारख्या काळ्या काड्या, त्यांवर नखाएवढी हिरवी पानं.

"पुन्हा हंसराजच, दयाराम. ओल लागते, सावली लागते. रोज पाणी. हाही गेला, तर मी दुसरा माणूस बघते."

दुसरा माणूस आला की मागची खोलीही त्याचीच. थळच्या या बंगल्यामागे दयाराम आणि त्याची बायको कृष्णाबाई सहा वर्षं राहत होती. पेणकडचं मिठागर बंद पडल्यापासून डोक्यावर तेवढंच छप्पर होतं.

दयारामने हुकूम तंतोतंत पाळला. सकाळी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर, बोअरचं पाणी. हंसराजही तंतोतंत पिवळा पडत गेला. शिमग्याला निम्मा उरला. बाई पाडव्याला यायच्या होत्या. दयारामने दुपारचा तिसरा तांब्या सुरू केला.

एकदा जमीन पुसता पुसता कृष्णाबाई कुंडीपाशी थांबली. मातीवर पांढरी साय धरली होती. तिने बोट फिरवलं, जिभेला लावलं.

"अवो, या हिकडं! तुमची खोड काय जात न्हाय. बाईंच्या कुंडीत मीठ पिकवलंत!"

दयारामने चाखलं. बारीक दाण्याचं, चांगलं होतं. वडील असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. खारट बोअर आणि वरून एसीचा कोरडा वारा; मिठागराला आणखी काय लागतं? जन्मभर ज्याने पाणी आटवलं, त्याच्याच हाती बाईंनी ओलीचं झाड दिलं होतं.

"आता गं?"

"आता पेण. भांडी बांधू?"

"गप."

तणतणत तो बंगल्यामागे गेला. तिथे एसीची नळी भिंतीवर ठिबकत होती. खाली चिऱ्यांच्या फटीत, उन्हाआड, हंसराज. भरगच्च. कोणी न लावलेला, कोणी न विचारलेला. दयारामने नळीचा थेंब जिभेवर घेतला. चवच नव्हती. मिठागरातल्या माणसाला असल्या पाण्याचा आधी संशयच आला.

पाडव्याच्या आठ दिवस आधी त्याने नवी माती भरली, फटीतला हंसराज मुळांसकट कुंडीत बसवला आणि बोअरला रामराम ठोकला. कुंडी दिवसभर मागे नळीखाली, सावलीत. बाईंची गाडी फाटकाशी वाजली, तेव्हा दिवाणखान्यात.

"बघितलंस? एसीची हवाच मानवली याला," इराबाई म्हणाल्या. "लोक उगाच काहीही सांगतात."

"व्हय बाई. एसीवरच जगला."

यात खोटं एक अक्षर नव्हतं.

मग बाई मागे चक्कर मारून आल्या. "त्या भिंतीला ओल किती! नळी गटारात सोड."

दयारामने कोपऱ्यातली बादली उचलली. कृष्णाबाईने पदर तोंडाला लावला.

"गटारात कशाला, बाई," तो म्हणाला. "खाली बादली लावतो. एक थेंब भिंतीवर पडू देणार न्हाय."

"शहाणा आहेस," बाई म्हणाल्या. "मुंबईत असा माणूस मिळत नाही."

पहिली मेलेली कुंडी, तीही हंसराजाचीच, दयारामने पाच वर्षांपूर्वी त्या नळीखालीच उपडी केली होती.