मुराळ्याचा आहेर

परतूरच्या जेठमलशेठच्या दुकानात तो सदरा दोन वर्षं खुंटीला लटकत होता. लढाईच्या दिवसांत आगगाडीतल्या एका अमेरिकन सोल्जरने मोसंब्यांच्या टोपलीच्या बदल्यात तो दिलेला. सोल्जरचा भाऊ म्हणे तिकडे चेंडू फेकायचा पगार घ्यायचा, त्याचा हा सदरा. जाड लोकरीचा, पाठीवर वीतभर आकडा. असलं ध्यान कोण विकत घेणार? शेवटी शेठने तो मला, त्याच्या गाडीवानाला, देऊन टाकला.

घरी येऊन बघितलं तर उजव्या काखेत पार विरलेला, डावीकडे कोरा करकरीत. माझे सगळे सदरे तिथेच फाटतात, कारण मी गोफण चालवतो. तो न पाहिलेला माणूस मला एकदम आपल्यातला वाटला. माझी बायको सगुणा, तिचा भाऊ भुजंग आला की सदऱ्यावरून हात फिरवायचा. मी कधी त्याला घालूसुद्धा दिला नाही.

अठ्ठेचाळीसच्या आषाढात निजामाचे बंदूकवाले स्वार दूरच्या शिवारातून कुणाचे तरी बैल हाकत नेताना दिसले. माझं डोकं फिरलं, गोफण सुटली, एकाचा डोळा गेला. मी ज्वारीत पळालो. त्यांना दिसली ती फक्त पाठ.

घरी मी अवाक्षर काढलं नाही. चार दिवसांनी शेठने मला दुकानामागे नेलं. पाठीवर आकडा असलेला माणूस गावोगाव शोधत होते.

"कडूबा, तो सदरा जाळून टाक. जल्दी," शेठ म्हणाला.

मी जाळला नाही. जाळला तर शोध चालूच राहणार होता. तो कुणाच्या तरी अंगावर सापडला तरच थांबणार होता. हे मला तेव्हाच कळत होतं. कळत नव्हतं असं आता म्हणणार नाही.

पंचमी करून भुजंग सगुणेला पोचवायला आला. मुराळ्याला आमच्यात रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. मी तो सदरा घडी करून पुढे ठेवला. पोराचा चेहरा उजळला.

"दाजी, खरंच मला? मंग घालूनच जातो की."

सगुणेने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की मी बैलांना पाणी दाखवायला उठलो.

कुंभार पिंपळगावच्या वाटेवर स्वारांनी त्याला पाठीत गोळी घातली. शोध थांबला.

पुढे निजामाचं राज्य गेलं, गावात साखर वाटली. सगुणेने दिवाळीला काही गोडधोड केलं नाही. भाऊबीजेच्या संध्याकाळी तिने तो सदरा माझ्यापुढे ठेवला. धुतलेला, आकड्यातलं भोक बारीक टाक्यांनी बुजवलेलं.

"तुमी मायेनं दिल्ता," ती म्हणाली. "त्याला धड एक दिस बी घालायला मिळाला न्हाई. आता तुमीच घाला."

मी घातला. काखेत तो मला बराबर बसला.

मग ती अंगणात आली. भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तसं तिने चंद्राला ओवाळलं. मी तिच्या शेजारी उभा होतो.