पत्त्याची पुरसीस

'साक्ष' या त्रैमासिकातला तो कडक नियम चिंतामणी बिवलकरनेच घालून दिला होता. त्यामुळे पुढे जे झाले त्याचा दोष त्याला दुसऱ्या कोणाच्या माथी मारता आला नाही.

उल्हासनगरच्या लॉ कॉलेजातल्या सात विद्यार्थ्यांनी १९८७ साली 'साक्ष' सुरू केले. विषय एकच होता, संख्येने थोड्या असलेल्यांचे कायद्यापुढे काय होते. कधी सिंधी शाळेच्या मान्यतेवर लेख असे, कधी ख्रिस्ती दफनभूमीच्या जागेवर, कधी बौद्धांच्या जातीच्या दाखल्यांवर. लिहिणारे पुष्कळ होते. तळटिपांचे रुक्ष काम मात्र कोणाला नको होते, ते चिंतामणीने आनंदाने घेतले. त्याचा नियम असा, की लेखात एखाद्या दाव्याचा उल्लेख आला तर तळटीप देण्यापूर्वी कोर्टात जाऊन मूळ फाइल डोळ्यांनी पाहायची. संपादक सुनेत्रा त्याची थट्टा करी.

"तू लग्नाची मुलगी बघायला गेलास ना, तर आधी तिची मूळ फाइल मागशील."

१९८८च्या डिसेंबर अंकाचा मुख्य लेख सुनेत्राचा होता, 'घर कोणाला मिळते'. कॅम्पातल्या एका शिलाई कारखान्यात तिला एक तलाक झालेली मुसलमान बाई भेटली होती. अंबरनाथला घरमालकाला तिचे खरे नाव कळले आणि त्याने तिचे सामान रस्त्यावर काढले. तिने कल्याणच्या कोर्टात दावा लावला आणि चार महिन्यांनी स्वतःच काढून घेतला. आता ती एका गावात हिंदू नाव सांगून राहत होती. लेखात तिला नुसते 'क' म्हटले होते. तिची आताची मालकीण एकादशीला खिडकीशी येऊन फोडणीचा वास घेते, दाराशी पेरूचे झाड आहे, पेरू पिकले की मालकीण पहिला पेरू तिला देते आणि तो खाताना तिच्या घशाखाली उतरत नाही, असे सगळे त्यात होते.

बैठकीत लेख वाचून झाल्यावर एरवी गप्प बसणारा चिंतामणी फाडकन बोलला होता, "असल्या मालकिणींना एकदा कोर्टाची पायरी दाखवली पाहिजे."

"बापरे, बिवलकर तापले!" सुनेत्रा म्हणाली.

तो लेख त्याने स्वल्पविरामांसाठी तीनदा वाचला. मग नियमाप्रमाणे कल्याणला गेला. रेकॉर्ड खोलीतल्या हिरामण शिपायाने फाइल पुढ्यात टाकली.

"घ्या वकीलसाहेब. या फाइलीला तुमच्याशिवाय कुत्रं विचारत नाही."

वादीचे नाव होते रुकैया. दाव्याचा नंबर बरोबर होता. साल बरोबर होते. तेवढ्यावर त्याचे काम भागत होते, पण शेवटच्या पानापर्यंत जाण्याची त्याला खोड होती. शेवटून दुसऱ्या पानावर वादीची पुरसीस होती. पक्षकाराने कोर्टाला लेखी कळवायचे ते पुरसीस लिहून कळवतात. या पुरसिशीत तिने आपला बदललेला पत्ता कळवला होता: मार्फत श्रीमती बिवलकर, मागील खोली, कुळगाव, बदलापूर.

चिंतामणीने ओळ पुन्हा वाचली. अक्षर ओळखीचे होते. त्याच्या आईने, माईने, सांगितलेल्या वाणसामानाच्या याद्या घरामागच्या खोलीतली भाडेकरू कुमुदिनीताई याच अक्षरात लिहून देत असे.

त्याखालचा कागद चार दिवसांनंतरचा होता. दावा काढून घेत आहे, एवढेच. कारण लिहिले नव्हते. पण चिंतामणीला ते कळायला वेळ लागला नाही. तिने कोर्टाला खरा पत्ता दिला होता, आणि मग तिच्या ध्यानात आले असणार, की आता कोर्टाचा बेलीफ नोटीस घेऊन माईच्या दारात उभा राहणार आणि मोठ्याने विचारणार, रुकैया कोण?

"सापडलं का?" हिरामणने विचारले.

"हो," तो म्हणाला, आणि फाइलीची नाडी बांधू लागला.

दोन दिवस त्याचे कशात लक्ष लागले नाही. जेवताना तो मागच्या खोलीकडे बघे. कुमुदिनीताई पायरीवर बसून काज करत असे. नवरा मस्कतला असतो, असे तिने सांगितले होते. माईने तिला हळदीकुंकवाला बोलावले होते, ओटी भरली होती. एकादशीला माई खिडकीशी जाऊन म्हणे, "आज कांदा परतू नकोस हो." ते त्याने लहानपणापासून इतक्या भाडेकरूंच्या बाबतीत ऐकले होते, की छापलेल्या कागदावर ते त्याला ओळखू आले नव्हते. अंक मंगळवारी छापायचा होता. आणि 'साक्ष' घरी आले, की माई चष्मा लावून ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत असे, कायद्यातले ओ की ठो कळले नाही तरी. मुलाचे नाव छापून येत होते ना.

रविवारी सकाळी माई भाजी आणायला गेली तेव्हा तो मागच्या पायरीशी जाऊन उभा राहिला.

"ताई, मी कल्याणला फाइल बघितली."

सुई थांबली. तिने वर पाहिले नाही.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्या नाही. तुमच्यावर लेख येतोय, त्याच्या तळटिपेसाठी. पेरूचं झाड, फोडणी, सगळं आहे त्यात. मी तळटीप काढून टाकतो. नंबर नसला की कोणाला..."

"नंबर?" ती हसली. "भाऊ, या आळीत नंबर कोण वाचतो? तुमच्या त्या बाईला मी बोलता बोलता पेरूचं झाड सांगितलं. फोडणीचं सांगितलं. ते छापतील हे मला काय माहीत? ते माई वाचणार. नंबर राहू द्या खुशाल. दावा मी लावला होता, तो खोटा नव्हता."

"लेखच थांबवायला सांगू का?"

"थांबवू नका. माझं सामान रस्त्यावर आलं तेव्हा कोणी एक ओळ लिहिली नाही. आता लिहिलंय तर छापा. फक्त माईंना झाडावरून ओळख पटायला नको." तिने दोरा दाताने तोडला. "आता तुम्हाला ठाऊक झालं. त्याचं काय करायचं ते मला अजून सुचत नाही."

सोमवारी त्याने सुनेत्राला सारे सांगितले.

"एक विचारू? तू तिला वाचवतोयस, की तुझ्या आईला?"

चिंतामणी लेखाची पाने सरळ करत राहिला.

"झाड बदल," ती अखेर म्हणाली. "वासाऐवजी दुसरं काही घाल. पण मालकिणीला सौम्य केलंस, तर मी माझं नाव काढून घेईन."

कॅम्प तीनमधल्या भगवानच्या छापखान्यात पाने जुळवून तयार होती. शिशाच्या अक्षरांचे खिळे उचकटायचे म्हटल्यावर भगवानने कपाळाला हात लावला.

"अरे वकीलसाब, कल बोला ना, फायनल? पेरू निकालके क्या डालू? आंबा?"

"आंबा नको. आमच्या आळीत आंबाही आहे."

"मग काय, नारळ? नारळ नाही बसणार, तीन अक्षर आहेत. लाइन पुढे ढकलायला लागेल, पूरा पेज जाईल. दोन अक्षरी बोला."

"चिंच."

"चिंच! बढिया. खट्टी मालकीण, खट्टा झाड."

पहिला पेरू गेला, पहिली चिंच आली. फोडणीच्या वासाच्या जागी मालकीण कचऱ्याची बादली तपासते, असे झाले. चिंतामणी समोर उभा राहून एकेक खिळा बसताना पाहत होता. आपल्याच आईविरुद्धचा पुरावा आपण बदलतो आहोत असे त्याला वाटत होते, आणि तरीही थांब म्हणवत नव्हते.

अंक आला. पुढच्या रविवारी दुपारी माई मागच्या पायरीवर उन्हात बसली. कुमुदिनीताई शेजारी काज करत होती. माईला मोठ्याने वाचायची सवय. चिंतामणी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसला आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

"काय बाई ही मालकीण!" माई मध्येच थांबून म्हणाली. "दुसऱ्याची कचऱ्याची बादली बघते! लाज कशी वाटत नाही? चिंतू, अरे, ही खरीच आहे का कोणी?"

"हो," तो आतून म्हणाला.

"आणि ती बिचारी चिंच हातात घेऊन बसते. घशाखाली उतरत नाही म्हणे. कसं उतरेल? मी सांगते, आपल्याकडे आली असती ना, तर मी दिली असती हो खोली."

मग कुमुदिनीताईचा आवाज आला, अगदी हळू.

"खरंच दिली असती, माई?"

"दिली असती की! म्हणजे... चिंतूला विचारलं असतं आधी. आळीतले लोक काय, बोलतातच."

"मग ऐका. माझं नाव रुकैया. ते झाड चिंचेचं नाही."

चिंतामणी उठून दाराशी आला. माई दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. मग तिची नजर वर गेली, पेरूच्या झाडाकडे, आणि तिथेच राहिली.

"आणि बादली?" तिने विचारले.

"बादली नाही. फोडणीचा वास."

माईने अंक मिटला. चष्मा काढून पदराने पुसला. "तुला ठाऊक होतं?" तिने मुलाला विचारले. त्याने होकारार्थी मान हलवली. "म्हणजे तू मला झाकलंस," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आणि तो नेमका कोणावर, हे तिलाही ठरवता येत नसावे. अंक तिथेच पायरीवर ठेवून ती आत गेली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, चिंतामणीला जेवायला वाढले आणि आपले अंथरूण घातले. मागच्या खोलीत ट्रंक ओढल्याचा आवाज त्याने ऐकला.

त्यांच्या घरी नळाला पाणी पहाटे पावणेसहाला येई आणि अर्ध्या तासात जाई. नळ मागच्या अंगणात एकच. रोज माई आधी उठे, नळ फुसफुसायला लागला की हाक मारी, "कुमुदिनी, पाणी आलं गं!" त्या हाकेनेच चिंतामणीला जाग येत असे.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो हाकेच्या आधीच जागा होता. माईची पावले अंगणात गेली. नळ फुसफुसला, मग धार पत्र्याच्या बादलीत वाजू लागली. त्याने उशीवरून मान उचलली. पहिली बादली भरली. माईने ती उचलून बाजूला ठेवली, दुसरी लावली. हाक नाही. दुसरी बादली अर्धी झाली तसा धारेचा आवाज जाड झाला. मागच्या खोलीच्या दाराची कडी मात्र वाजली नाही. आतले माणूस जागे होते आणि तेही ऐकत होते, याबद्दल त्याला शंका नव्हती.

दुसरी बादली भरून वाहू लागली. माईने नळ बंद केला नाही.

"अगं ए," ती शेवटी ओरडली. कोणतेच नाव तिने घेतले नाही. "पाणी जाईल ना! हंडा आण लवकर!"

कडी निघाल्याचा आवाज आला.