गिरजाबाईचे कोरे कान

साकोलीतल्या त्या सोनाराच्या दुकानावर भलीमोठी पाटी होती: 'येथे नाक-कान न दुखवता टोचून मिळतील.' सुईचं दुखत नसेलही, पण मालक तुलारामच्या जिभेचं काय? तिच्याबद्दल पाटीवर एक अक्षर नव्हतं.

त्र्याऐंशी सालची दिवाळी नुकतीच झाली होती. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, उशिराचा भारी धान शेतातल्या बांध्यांत उभा होता, आणि असल्या घाईच्या दिवसांत गोमाजी आणि त्याची बायको गिरजाबाई सकाळच्या पहिल्या बसनं साकोलीला येऊन त्या दुकानात बसली होती. गोमाजीची पन्नाशी उलटलेली, गिरजाबाई दोन-चार वर्षांनी लहान. कान टोचायचे होते गिरजाबाईचे.

आता हसू नका. ती जन्मली आणि तिची माय गेली. घरात दुसरी बाई नाही, मग कान टोचायचं सुचावं कोणाला? बापाच्या ध्यानात आलं तोवर पोरगी धानाची रोपं लावायला, रोवण्याला, जायला लागली होती. लग्नात सासूनं बाळ्या दोऱ्यानं कानाला बांधल्या आणि वेळ निभावून नेली. गिरजाबाईनं कधी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. वाईट वाटलं ते एकदाच, तीन वर्षांपूर्वी, शहापूरला.

शहापूरला तिची लेक वच्छला दिली होती. वच्छलाच्या पहिल्या पोराची कान टोचणी होती आणि गिरजाबाई नातवाला मांडीवर घ्यायला हात पसरून बसली. तेव्हा वच्छलाची सासू सुलोचनाबाई म्हणाली, "नाई व विहीणबाई. कोऱ्या कानाच्या बाईनं या कामाले लेकरू मांडीवर घेऊ नये." बाई वाईट नव्हती, आपल्या घरची रीत सांगत होती. पण गिरजाबाई भर मांडवातून उठली आणि दाराच्या चौकटीला जाऊन टेकली.

आता वच्छलाला मुलगी झाली होती आणि रविवारी तिची कान टोचणी होती. गिरजाबाईनं घरात जाहीर करून टाकलं, "या वक्ती लेकरू माह्याच मांडीवर बसंन." दोघं दुकानात येऊन बसली तो दिवस गुरुवारचा होता.

तुलारामनं सकाळी मोठ्या गोडीनं दोन सोन्याच्या तारा ओढून दिल्या. टोकं घासून सुईसारखी केली. अशी तार पाळीतून ओवायची आणि तिथंच वळवून तिची बाळी करायची, ही सोनाराची पद्धत. तेंदूपत्ता तोडून गिरजाबाईनं जमवलेले पैसे त्यानं गल्ल्यात टाकले, तारा तिच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाला, "बसा जरा. टोचून देतो."

बसा म्हणजे किती बसा, त्याला काही सुमार? एक पाटलीण आली, तिला चहा आला. मास्तरीण आली, तिच्याकडे पंखा वळला. गर्दी झाली तसं तुलारामनं गिरजाबाईला बाकावरून उठवलं, "ओ बुढीमाय, तिकडं खाली बसा, चपलांपाशी." मग तो जेवायला गेला आणि चांगला तासभर घोरून आला. बरं, विचारायची सोय नाही. विचारलं की वस्सकन अंगावर, "नंबर लागंल तवा सांगीन ना! घाई असंल तर जा दुसरीकडं!"

गोमाजी तसा भला माणूस, पण दुकानदारापुढं त्याची बोबडी वळायची. तो हळूच म्हणाला, "चाल व, जाऊ. तीनची बस भेटंन."

"तुमी जा," गिरजाबाई म्हणाली. "मी बसून राहिली ना? बसू द्या."

शेवटी गिऱ्हाईक विरळ झालं, सकाळी टाकलेले दागिने न्यायला परत आलेल्या पाटलीण आणि मास्तरीण तेवढ्या उरल्या, तसं तुलारामनं तिला जवळ बोलावलं, दोन्ही पाळ्यांवर शाईचे ठिपके दिले, पाळी बोटात धरून दाबली आणि हात झटकला. "अबे बापरे! हे तं चामडं झालं. तार मोडंल. लहानपनी काय करत होती व? आणि आता या वयात टोचून पाहनार कोन हाय तुले?"

पाटलीण फिस्सकन हसली. मास्तरणीनं तोंडाला पदर लावला. गोमाजीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपल्या बायकोला कोणी असं बोलावं आणि आपण मुंडी खाली घालून उभं राहावं, याची त्याला भयंकर लाज वाटली.

गिरजाबाईनं काउंटरवरचा गिऱ्हाइकाचा आरसा उचलला आणि गोमाजीच्या हातात दिला.

"धरा नीट. हलवू नका."

पदराच्या गाठीतली तार काढली, उजवी पाळी डाव्या हातानं ताणली, ठिपका पाहिला. चाळीस वर्षं पोती शिवलेला हात तो. एकदाच दाबलं. कुर्रकन आवाज झाला, तो गोमाजीला ऐकू आला. तार पार गेली. तिनं ती वळवली, रक्त पदरानं टिपलं, आणि आरशात पाहून म्हणाली, "नाई मोडली तार."

दुकानात कोणी हसत नव्हतं. पाटलीण पुटपुटली, "काय बाई हाय हो!"

गोमाजीचे डोळे भरून आले होते. आपली बायको हिमतीची, हे त्याला ठाऊक होतं, पण एवढी? कोंबडं कापताना पाठ फिरवणारा माणूस तो, आणि हिनं स्वतःचा कान टोचला, तोंडातून 'अय' नाही काढलं! त्याला वाटलं, साऱ्या साकोलीला बोलावून दाखवावं.

डावा कान मात्र तिला जमेना. हात आडवा जात होता, बोटं रक्तानं निसटत होती. तुलाराम खाकरला आणि पुढं झाला. "आना इकडं. मी टोचून देतो."

"सकाळपासून बसली, तवा तुमाले हात नवते," गिरजाबाई म्हणाली. "आता नोको." आणि तिनं तार गोमाजीपुढं धरली. "घ्या. तुमी टोचा."

"मी? अवं, मले नाई जमत! माहे हात कापून राहिले!"

"कापू द्या. नाक टोचून बैल नाथता ना? मंग! मी कुटी पळून नाई चालली."

काय करता? गोमाजीनं आरसा खाली ठेवला. कपाळावरून घाम ओघळत होता. पाळी धरली, ठिपक्यावर टोक टेकवलं, तेवढ्यात हात थरथरला आणि तार ठिपक्याच्या जरा वरून आरपार गेली. गिरजाबाईनं डोळे घट्ट मिटले, त्याचा दंड धरून ठेवला आणि सोडला. दोघं दुकानातून बाहेर पडली तेव्हा पाटलिणीनं उठून त्यांना वाट करून दिली.

रविवारी शहापूरला गिरजाबाई पाटावर बसली. कान सुजून लालबुंद झाले होते, हळद-तेलानं माखले होते. वच्छलानं काही न विचारता पोर तिच्या मांडीवर ठेवली. कान टोचला तसा पोरीनं टाहो फोडला, गिरजाबाईनं तिला छातीशी धरलं आणि मांडवात बसलेल्या साऱ्या बायांदेखत स्वतःही ढसाढसा रडली. सुलोचनाबाईनंच तिचे डोळे पुसले.

मग पुसता पुसता तिला दिसलं. "विहीणबाई, हा डावा जरा वर गेला व. कोन्या सोनारानं असा वाकडा टोचला?"

लग्नातला उखाणा सोडला तर गिरजाबाईनं आजवर नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. 'वच्छलाचे बाबा', नाहीतर नुसतं 'अवो'. तिनं नातीला थोपटत मान वर केली आणि मांडवाच्या खांबाआड उभ्या असलेल्या आपल्या माणसाकडे पाहिलं.

"गोमाजीनं टोचला," ती साऱ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आणि तो वाकडा नाई. दोन्हीत तोच चांगला हाय."