#खड़ताल_वाले_बाबा

सरलाबाई ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या, तेव्हा पुढच्या दाराची कडी वाजली. त्यांना वाटलं, हे गल्लीच्या टोकाच्या मारुतीपर्यंत गेले असतील, येतील. भात शिजून निवला, तरी नीलकंठबुवा आले नाहीत. चपला दारातच होत्या. खुंटीवरच्या चिपळ्या तेवढ्या नव्हत्या.

धारपासून लोहारद्यापर्यंत एक देऊळ असं नव्हतं, जिथं बुवांचं कीर्तन झालं नसेल. उभे राहिले की पहिलं वाक्य ठरलेलं, “आम्ही कुठले? देवासचे. म्हणजे काय? देवास वाहिलेले!” लोक दरवेळी हसत, आणि दरवेळी सरलाबाईंना पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटे. दोन वर्षांपासून मात्र बुवांची आठवण विरत चालली होती. आधी गावं गेली, मग माणसं. एकदा सकाळी त्यांनी सरलाबाईंना हात जोडून विचारलं होतं, “बाई, आपण यजमानांच्या घरच्या का?” त्या दिवशी त्या देवघरात जाऊन फार वेळ बसल्या होत्या.

प्रणवनं, त्यांच्या मुलानं, पोलीस ठाण्यात खबर दिली. धारला बुवांचे जुने स्नेही दत्ताजी, त्यांनी सगळी देवळं पालथी घातली. बुवा कुठंच नव्हते. औषधाची पुडी घरातच राहिलेली, पाय अनवाणी आणि बाहेर डोकं भाजणारं ऊन.

नात चिऊ कॉलेजात शिकत होती. तिनं आजोबांचा पगडीतला फोटो फोनवर टाकला आणि खाली शब्दांची माळच लावली.

“हे कुंपणासारखं चिन्ह कसलं ग, प्रत्येक शब्दापुढं?”

“हॅशटॅग, आजी. त्या शब्दावर कोणी बोट ठेवलं ना, की त्या शब्दाच्या सगळ्या पोस्ट त्याला दिसणार.”

“ध्रुवपदासारखं म्हणायचं. कुठल्याही कडव्यातून आलं तरी माणूस तिथंच परत येणार.”

“हां, तसंच समज.” चिऊचं लक्ष फोनमध्ये होतं. “पाच हजार लोकांनी बघितली आजी, पण फोन एक भी नाही आला.”

तिनं लावलेले शब्द होते #व्हायरल, #ट्रेंडिंग, #एमपी, #देवास. देवासवर बोट ठेवलं तर नोकऱ्या, विकाऊ प्लॉट आणि हायवेवरचे अपघात यांच्या राशीत बुवांचा फोटो पार खाली गेलेला. आणि शेवटचा एक शब्द तिनं स्वतः घडवला होता.

पाचव्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. प्रणवनं धावत जाऊन घेतला.

“अरे भिया, आपकी बुआजी मिल गई हैं! इधर राजगढ़ में, मेरी दुकान के सामने बैठी हैं।”

“बुआजी? कौन बुआजी?”

“आपने ही तो डाला है भिया। सफेद साड़ी है, कुछ बोलती नहीं।”

प्रणवनं फोन ठेवला आणि चिऊचा फोन ओढून घेतला. शेवटचा शब्द होता #बुआ_लापता.

“अगं, बुवा! व! कीर्तनकार बुवा! हे काय लिहिलंस? सगळा माळवा आता माझ्या आत्याला शोधतोय, आणि मला आत्या आहेच कुठं?”

“पण फोटो तर आजोबांचाच आहे ना!” चिऊ म्हणाली. “लोकांनी फोटो सोडून नुसता मजकूर पुढं पाठवला, त्यात माझी काय गलती? शाळेत मराठी होती कुठं मला? कानाला जसं ऐकू आलं, तसं लिहिलं.”

ती रडू लागली. सरलाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. प्रणव खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. ज्या शब्दानं लोक बापाला हाक मारत, तोच हरवावा, याचं त्याला हसू येत होतं आणि रडूही.

सरलाबाईंनी तिचे केस सारखे केले. मग म्हणाल्या, “चिऊ, आपण आपलेच शब्द लिहीत बसलो. ज्याला हे भेटतील, त्याला नीलकंठ ठाऊक नाही आणि बुवाही ठाऊक नाही. हे नाव सांगायचे नाहीत, ते त्यांच्याजवळ राहिलेलंच नाही. त्या माणसाला दिसेल काय?”

“म्हातारा माणूस. अनवाणी.”

“आणि हातात?”

चिऊनं डोळे पुसले. “चिपळ्या. पण इकडं चिपळ्या कोण म्हणतं आजी? खड़ताल म्हणतात.”

“मग ते शोध. लिहू नकोस. कोणी आपल्याआधी लिहून ठेवलंय का, ते बघ.”

चिऊनं टाइप केलं. राजस्थानचे गवई आले, कुणाचं लग्न आलं. मग तिनं मागं ‘वाले बाबा’ जोडलं, आणि चिपळ्यांचा तो आवाज खोलीत आला. सरलाबाई ताठ झाल्या. चित्र दिसण्याआधीच त्यांनी ओळखला.

धारच्या पलीकडच्या अमझेऱ्याच्या जुन्या देवळाची पायरी. खाली लिहिलेलं, #खड़ताल_वाले_बाबा. कालच टाकलेलं. बुवा उभे होते, दाढीचे खुंट वाढलेले, धोतर मळलेलं, आणि आवाज तसाच, थोडा फाटलेला. पूर्वरंगाचं पद म्हटलं. नामाचा गजर केला. मग थांबले, हात जोडले, मान किंचित खाली केली आणि तसेच उभे राहिले. फोनवर चित्रण करणारा कोणी हसला, “लो, बाबा फिर अटक गए।” कोणीतरी पुढं बिस्किटं धरली. बुवांनी ती घेतली नाहीत. वाट पाहिली, आणि पुन्हा पहिल्यापासून पद सुरू केलं.

“आजोबा एकच गाणं घडीघडी का म्हणताहेत?”

“मध्यंतर झालंय ग,” सरलाबाई म्हणाल्या. “पूर्वरंग संपला की कोणीतरी कीर्तनकाराला बुक्का लावतं, गळ्यात हार घालतं. मगच पुढं कथा लागते. तिथं कोणाला हे ठाऊक नाही. हे हाराची वाट पाहताहेत. मिळत नाही, म्हणून मागं जाताहेत.”

चिऊनं त्या चित्राखाली निरोप टाकला. पहाटे उत्तर आलं, बाबा पुजाऱ्यांच्या ओसरीत झोपलेत, दूध घेतलंय.

सकाळी गाडी निघाली तेव्हा सरलाबाईंच्या पदराच्या गाठीत बुक्क्याची डबी होती. धारला त्यांनी गाडी थांबवून झेंडूचा हार घेतला. पुढच्या रस्त्यावर अचानक म्हणाल्या, “चिऊ, त्या राजगढ़च्या बाईंचं काय?”

“आपली बुआ?” चिऊ कसनुशी हसली.

“कोणाची तरी आहेच ना. त्या दुकानदाराकडून फोटो मागव. फोटोवरच ठिकाण आणि दुकानदाराचा नंबर लिही, म्हणजे मजकूर फोटोपासून गळून पडायचा नाही. आणि घरचे तिला काय म्हणून शोधत असतील, ते शब्द लाव. माँ, काकी, जिया. आपल्याला काय वाटतं, ते नको.”

चिऊ धारपासून अमझेऱ्यापर्यंत तेच करत बसली होती.

देवळाशी पोचले तेव्हा पद चाललंच होतं. दहापाच माणसं सावलीत बसलेली. प्रणव “बाबा!” म्हणून धावणार, तोच सरलाबाईंनी त्याचा दंड धरला. “थांब. पद पुरं होऊ दे.”

त्या पुढं जाऊन खाली बसल्या, नेहमी बसत तशा. बुवांची नजर त्यांच्यावरून फिरली आणि पुढं गेली. ओळख नव्हती. गजर झाला. बुवा थांबले, हात जोडले, मान खाली केली.

जन्मभर सरलाबाईंनी हार ओवले होते. घालायचे ते देवळाचे मानकरी, कधी दत्ताजी, कधी आणखी कोणी. त्यांच्या हातून या गळ्यात हार पडला होता तो एकदाच, अंतरपाट दूर झाल्यावर. त्या उठल्या. बोटानं बुक्का बुवांच्या कपाळावर टेकवला. हार घातला आणि वाकून नमस्कार केला. रीतीप्रमाणे बुवाही वाकले.

मान वर आली तेव्हा चेहरा मोकळा झालेला होता. त्यांनी चिपळ्या सावरल्या आणि कथेला हात घातला. शब्द गळत होते, मधली माणसं हरवत होती, पण कथा पुढं जात होती. ‘फिर अटक गए’ म्हणणारा तरुण फोन खाली ठेवून मांडी घालून बसला. पुजाऱ्यांनी आरती पेटवून दिली. आरती झाली, कीर्तन पुरं झालं.

मग प्रणवनं बुवांना धरून पायरीवर बसवलं. तळपाय फोडांनी भरलेले होते. सरलाबाई ओल्या पदरानं ते पुसू लागल्या. बुवा संकोचून पाय मागं घेऊ लागले.

“राहू द्या, राहू द्या. आपण कुठल्या, बाई?”

सरलाबाईंनी वर पाहिलं नाही. “देवासची.”

बुवा जरा घुटमळले. ओठ हलले. मग चेहऱ्यावर तेच जुनं, पहिल्या वाक्याचं हसू आलं.

“म्हणजे,” ते म्हणाले, “देवास वाहिलेल्या.”

“हो,” त्या म्हणाल्या, आणि दुसरा पाय हातात घेतला.