मागच्या सीटचं वजन

"अगं, वळणावर माझ्या बाजूने खर्रकन आवाज येतो," असं सासूबाईंनी मला दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं तेव्हा मीच म्हणाले, "आई, रस्ता खराब आहे हो. गाडी आत्ताच नव्याने सेट करून आणलीय." त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. नंतर काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आवाज थांबला.

एरवी काळजीचा मक्ता आमच्या घरात माझ्याकडे. दीड वर्षाची मुलगी दुपारी झोपली तरी मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघते. पण गाडीच्या बाबतीत नवऱ्याचा शब्द शेवटचा मानायचे. महिन्यातून एकदा तो ती रेसच्या ट्रॅकवर पळवतो, बाकीचे दिवस आम्ही सगळे तिच्यातूनच फिरतो. म्हणून त्याने हवं तसं बदलता येणारं सस्पेन्शन बसवून घेतलं. स्प्रिंगखालची कॉलर पान्याने फिरवली की गाडी वर-खाली होते, शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या टोकाचा नॉब टिकटिक फिरवला की कडक किंवा मऊ. किती टिक, ते वहीत लिहिलेलं. दोन रकाने, 'ट्रॅक' आणि 'रस्ता'. ट्रॅकवरून आला की नॉब न चुकता मऊ करायचा, त्यात बोट ठेवायला जागा नाही. उंची मात्र त्याने एकदाच ठरवली होती, दोन्हीसाठी एकच. बऱ्यापैकी खाली.

मग एकदा मुलीला प्रवासात उलटी झाली आणि तिला पुसता यावं म्हणून मी सासूबाईंच्या जागी, मागे डावीकडे बसले. पुढच्याच वळणावर माझ्या मांडीखाली खर्र! पाठोपाठ जळक्या रबराचा वास.

"तुला मिक्सरमध्येही भूकंप ऐकू येतो," नवरा म्हणाला.

तरी त्याने टाळलं नाही, हे सांगायला हवं. तो आणि गॅरेजवाले उस्ताद पुढे बसून त्याच वळणावर तीन चकरा मारून आले. आवाज नाही. मग गाडी लिफ्टवर चढवली. चाकं खाली लोंबकळली, वर आख्खा हात जाईल एवढी जागा. मागच्या डाव्या टायरच्या कडेला चकचकीत पट्टा दिसला, पण तो ट्रॅकवर घासल्याचा म्हणून सोडून दिला.

"वहिनी, निर्धास्त जा," उस्ताद म्हणाले.

शनिवारी सकाळी आम्ही माझ्या भावाकडे निघालो. तीन तासांचा रस्ता, त्यातला अर्धा उताराचा. जाता जाता नवऱ्याला गॅरेजमध्ये थांबायचं होतं. चार चाकांखाली ठेवायचे वजनकाटे उस्तादांनी नवेच आणले होते. आम्ही उतरून स्टुलांवर बसलो. बघते तर ड्रायव्हरच्या सीटवर वाळूची पोती, तीही पट्टा लावून.

"हे काय?"

"हे आमचे साहेब, वहिनी. बहात्तर किलो," उस्ताद हसले. "चालवणाऱ्याचं वजन धरूनच सेटिंग करायचं असतं."

"मग आमची पोती कुठायत?"

"म्हणजे?"

"मागच्या सीटवरची. तीन माणसांची."

नवऱ्याने घड्याळ दाखवलं. "अगं, उशीर होतोय. तपासलंय ना सगळं?"

"तुम्ही दोघं पुढे बसून तपासलंत. मागे कोण होतं?"

"इथे सगळ्यांसमोर तमाशा नको."

"तमाशाच आहे. तिकीट नाही, नीट बघून घे." मुलीला कडेवर घेऊन मी गाडीसमोर उभी राहिले. "ही गाडी आम्हाला न मोजता सेट केलीत, तर आम्हाला न घेताच जा."

मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. आता सासूबाई मला गप्प बसवणार, असंच वाटलं. त्यांनी मागचं दार उघडलं, साडी सावरली आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

"ये गं, आण तिला. आणि उस्ताद, माझा आकडा मनातल्या मनात वाचा."

आम्ही बसलो. डिकीत बॅगा होत्याच. उस्ताद मागच्या डाव्या चाकाशी वाकले. रिकाम्या गाडीत टायर आणि त्यावरच्या पत्र्यामध्ये त्यांची दोन बोटं जायची. आता नखही जाईना. उठून त्यांनी मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर दिला.

खर्र.

"हाच!" सासूबाई ओरडल्या. "हाच तो मेला!"

चाक काढलं. पत्र्याची आत दुमडलेली कड टायरच्या खांद्यात रुतून रुतून रबर कापलं गेलं होतं. चिरेतून टायरच्या आतले पांढरे धागे दिसत होते. उस्तादांनी त्यावर हात फिरवला, म्हणाले, "हा टायर उतारावर फुटलाच असता." नवरा तिथेच फरशीवर बसला. अंगठ्याने ते धागे चाचपत राहिला.

त्या दिवशी भावाकडे गेलो नाही. नवा टायर आला, कॉलर फिरवून मागची बाजू उचलली, आणि प्रत्येक वेळी आम्हा तिघींना आत बसवूनच मोजलं. नवरा वहीत तिसरा रकाना आखायला लागला. मी त्याला पान उलटायला लावलं. नवं पान, पहिला रकाना: 'घर'. आमची वजनं त्याने आपल्या हाताने लिहिली. सासूबाईंचं त्यांनीच सांगितलं, चार किलो कमी करून. उस्तादांनी ते गुपचूप दुरुस्त केलं.

परतताना मी विचारलं, "आई, मला पुन्हा का नाही सांगितलंत?"

"तू म्हणालीस ना, रस्ता खराब आहे." त्यांनी नातीचा मोजा वर ओढला. "मग वळण आलं की मी आपली हिचे माझ्या बाजूला आलेले पाय उचलून धरायचे, खालून काही लागू नये म्हणून."

महिनाभर. माझ्यापासून हातभर अंतरावर. आणि श्वास मोजणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

तुमच्याही गाडीत मागे कुणी बसत असेल. आज त्यांच्या जागेवर बसून एक चक्कर मारा. मग त्यांच्याजवळ जा आणि विचारा, तुम्ही आधी काहीतरी सांगत होतात ना, ते अजून होतंय का?