समितीवरची आई

चंद्राबाईनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि "येऊ का, मॅडम?" असं विचारत शाळेच्या कार्यालयात एक पाऊल टाकलं. दुसरं टाकावं की नाही, हे काही तिला ठरवता येईना. लेक या शाळेत आल्याला दोन वर्षं झाली होती आणि ती आज पहिल्यांदा इथं उभी होती.

सरोज मॅडमनी वहीतून मान वर केली. त्या मूळच्या भोरच्या, दोन वर्षांपूर्वी इथं बदलून आलेल्या. पाचवी ते आठवीची एक्केचाळीस मुलं आणि शिक्षक दोन. त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर सदानकदा एसटी चुकायला आल्याची घाई असे.

"या, बसा. स्नेहलच्या घरून ना? आई नाही आल्या?"

चंद्राबाई हसली. मॅडम गंमत करत असाव्यात.

"म्हंजी?"

"सुलक्षणाताई हो. स्नेहलच्या आई. काल ग्रुपवर निरोप टाकला होता मी त्यांना."

चंद्राबाईचं हसू चेहऱ्यावरच राहिलं. सुलक्षणा तिची धाकटी जाऊ. वडिलांना बघायला चार दिवसांपूर्वी भोंगवलीला माहेरी गेलेली. मॅडमचा निरोप आज सकाळी शेजारची पोरगी घेऊन आली होती, की स्नेहलच्या आईला शाळेत बोलावलंय. मंगळवार असल्यानं चंद्राबाई घरी होती. गुरुवार ते सोमवार ती पानशेतला, धरणाकाठच्या एका बंगल्यावर पुण्याच्या पाहुण्यांचा स्वयंपाक आणि धुणीभांडी करायची. पालकांच्या सभा असतात शनिवारी, हे तिला माहीत होतं. म्हणून दर मंगळवारी घरी आली की ती न चुकता विचारायची, "शाळंतनं काय बोलावणं?" आणि सुलक्षणा पीठ मळता मळता म्हणायची, "कसलं बोलावणं, अक्का. तुमी बिनघोर ऱ्हावा."

बोलावणं पोरीच्या तक्रारीसाठी असणार, हे ठाऊक असूनही ती सकाळी मनातून सुखावली होती. कपाटातली घडीची साडी नेसून आली होती.

"हे बघा ना," मॅडमनी मागच्या भिंतीवरचा फोटो दाखवला. "गेल्या वर्षीच्या माता पालक मेळाव्यातला. एकही सभा चुकवली नाही त्यांनी. म्हणून तर समितीवर घेतलं. बाकीच्यांच्या दारात जाऊन हात जोडले तरी कुणी फिरकत नाही."

फोटोत सुलक्षणा चष्मा लावून ताठ उभी होती. दहावी झालेली बाई, फोटोत कसं उभं राहायचं ते तिला बरोबर कळत होतं. तिचा हात स्नेहलच्या खांद्यावर होता आणि स्नेहल तोंडभर हसत होती.

खिडकीतून पलीकडची पडवी दिसत होती. तिथं खिचडी ढवळणाऱ्या ठकूबाईशी चंद्राबाईची नजरानजर झाली. ठकूबाई त्यांच्याच वाडीची. चंद्राबाईच्या लग्नात हिनं नवरीला हळद लावली होती. आता मात्र ती घाईनं खाली वाकली आणि चांगली धगधगणारी चूल फुंकू लागली.

म्हणजे हिला माहीत होतं. वाडीतल्या सगळ्यांनाच माहीत असणार. दोन वर्षं एका नळावर पाणी भरून एकीनंही तोंड उघडलं नव्हतं.

"स्नेहलला बोलावते," मॅडम म्हणाल्या. "तिच्यासमोरच बोलू."

स्नेहल आली. सातवीतली पोर, दोन घट्ट वेण्या, मान खाली. तिनं मान वर केली, समोर आईला पाहिलं आणि दारातच थबकली. चंद्राबाई वाट बघत राहिली. आता बोलेल. आता आई म्हणून हाक मारेल आणि हा सगळा घोळ मिटेल.

"स्नेहल, या कोण तुझ्या?"

पोरगी आईकडे न बघता मॅडमकडे वळली.

"ही माझी चुलती आहे, मॅडम. पानशेतला असते."

अगदी स्वच्छ, शाळेतल्या भाषेत बोलली. घरी ती असं बोलत नसे.

चंद्राबाईच्या कानशिलांत ठणका उठला. जावेनं फसवलं, वाडीनं फसवलं, ते एक वेळ सोसलं असतं. पण ज्या पोरीसाठी ती परक्यांची उष्टी काढत होती, तिनंच तोंडावर दगा दिला होता. उठावं, दोन थोबाडीत द्याव्यात आणि साऱ्या शाळेला ओरडून सांगावं असं तिला वाटलं. ब्लाउजमधल्या पाकिटात आधारकार्ड होतं. ते टेबलावर टाकलं की काम होणार होतं.

"काल हिनं अश्लेषाच्या तोंडावर स्टीलची बाटली फेकून मारली," मॅडम सांगू लागल्या. "भुवईवर तीन टाके पडलेत. आणि कारण काय, तर अश्लेषा म्हणाली, सभेला येते ती तुझी खरी आई नाही. तुझी आई बंगल्यावर भांडी घासते. आता मुलं काय, काहीही बोलतात. त्यावर एवढा संताप?"

स्नेहल पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत होती.

"अश्लेषाचे वडील वनखात्यात आहेत, नवीनच आलेत. ते वेल्ह्याला पोलिसांत जायला निघाले होते. मीच थांबवलं. म्हटलं, हिची आई आमच्या समितीवर आहे, सरळ माणसं आहेत, त्यांचा शब्द मी देते. त्या एका शब्दावर ते थांबलेत. घरच्यांचं हमीपत्र मात्र त्यांना आजच हवंय. सुलक्षणाताई नाहीत, तर तुम्ही द्या. घरातलं मोठं माणूस म्हणून चालेल."

चंद्राबाईचा पाकिटाकडे गेलेला हात परत मांडीवर आला. खरं सांगितलं तर मॅडमचा शब्द खोटा पडणार होता आणि तो माणूस तसाच उठून पोलिसांत जाणार होता. पोरीला तिथं नेऊन उभं करणार होते. आणि अश्लेषाचं खरं होतं, हे दुपारच्या खिचडीच्या पंगतीत एक्केचाळीस पोरांना कळणार होतं.

"द्येते की," ती म्हणाली.

मॅडमनी कागद पुढं ओढला. "नाव काय लिहू तुमचं?"

पुन्हा पंचाईत. मॅडमच पुढं म्हणाल्या, "तुमच्याकडे नावांचा भारी घोळ असतो बाई. रजिस्टरला हिच्या आईचं नाव चंद्राबाई आहे. मी विचारलं, तेव्हा सुलक्षणाताई म्हणाल्या, ते लग्नातलं, ताटातल्या तांदळावर लिहिलेलं. घरी सगळे माहेरच्याच नावानं हाक मारतात."

सुलक्षणानं नावसुद्धा नेलं होतं. तेही किती सहज. चंद्राबाईला स्वतःचं लग्न आठवलं. तिचंही नाव त्या दिवशी ताटातल्या तांदळात बदललं होतं आणि जुन्या नावानं हाक मारणारी आई-बापं केव्हाच गेली होती.

"भिमा लिवा," ती म्हणाली.

मॅडमनी लिहिलं. पुढं नातं म्हणून चुलती लिहिलं आणि पेन तिच्या हातात दिलं. "इथं सही करा. सही येते ना?"

सही येत होती. एकच येत होती. दुसरीत असताना स्नेहलनंच शिकवली होती तिला, पाटीवर हात धरून, रोज संध्याकाळी, चुकली की मास्तरणीसारखी ओरडून. तेव्हापासून बँकेत, रेशनच्या दुकानात, सगळीकडं चंद्राबाई दिमाखात सही करायची. पोरीनं शिकवलेली 'चंद्राबाई' ही चार अक्षरं सोडून तिला एक अक्षर लिहिता येत नव्हतं.

तिनं पेन टेबलावर ठेवलं.

"न्हाई येत. अंगठा घ्या."

स्नेहलनं झटकन मान वर केली. चंद्राबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही.

मॅडमनी खणातून शाईचा पॅड काढला. चंद्राबाईनं अंगठा दाबला आणि कागदावर उठवला. जरा फिसकटला, पण चालण्यासारखा होता. मॅडमनी तारीख घातली, कागद फाइलला लावला आणि बरंच हलकं झाल्यासारख्या हसल्या.

"आजच्या काळात अंगठा बरा दिसत नाही हो. शिकून घ्या सही. घरातच तर आहे शिकवणारं माणूस. स्नेहलच्या आईला सांगा, त्या शिकवतील."

"सांगते," चंद्राबाई म्हणाली आणि शाईचा अंगठा साडीच्या पदराला पुसला.