पोपटाची लाल चोच

१९३७ सालची गोष्ट. लोणावळ्याच्या रेल्वे शेडमधून निवृत्त झालेले नूरमहंमद दुपारी ओट्यावर बसून पांगाऱ्याच्या लाकडाचे पक्षी कोरायचे. त्या दिवशी पोपट पुरा झाला होता. चोच त्यांनी वेगळी तासून, लाल रंगवून खाचेत बसवली होती. दीड वर्षांची नात हमीदा तो पोपट घेऊन शेजारीच खेळत होती. तिची आई, माहेरपणाला आलेली खुर्शीदा, पाण्याला गेली होती.

सुरीला धार लावून नूरमहंमदांनी मान वर केली, तर पोपटाला चोच नव्हती. हमीदाचं तोंड उघडं होतं, पण आवाज निघत नव्हता.

त्यांनी तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं. हाताला काहीच लागलं नाही. ओठ निळे पडू लागले. त्यांनी तिला हातावर पालथी घेतली, डोकं खाली केलं आणि पाठीत थाप मारली. मग दुसरी. एवढ्याशा पाठीची हाडं मोडतील असं वाटलं, तरी तिसरी आणखी जोरात मारली. चोच फरशीवर पडली आणि हमीदानं टाहो फोडला.

खुर्शीदा धावत आली. "काय झालं, अब्बा?"

चोच लपवता आली असती. त्यांनी ती तिच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

पोरीला घट्ट धरून खुर्शीदानं पोपटाची रिकामी खाच बोटानं चाचपली. मग म्हणाली, "यापुढं एकाच लाकडातलं करा. जोड नको."

"आता सुरीच नको," ते म्हणाले.

"करा. पण मी घरात असताना."